पॅरियन अर्धपुतळ्यांची पारख

प्रश्न : व्हिक्टोरियन काळातील उद्योगक्षेत्रातील नामवंतांचे चिनी मातीचे अर्धपुतळे संग्रहासाठी घेताना त्यांचा अस्सलपणा कसा ओळखावा?

उत्तर : असे अर्धपुतळे बहुधा ‘पॅरियन’चे, म्हणजे फेल्डस्पार या खनिजाचे प्रमाण अधिक असलेल्या आणि सहसा झिलई न देता भाजलेल्या, संगमरवरासारख्या दिसणाऱ्या पोर्सिलेनचे असतात. हा प्रकार १८४० च्या दशकात इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात विकसित झाला. त्याचे नाव ग्रीसमधील पारोस बेटावरील संगमरवरावरून पडले, तर वेजवुड कारखान्याने आपल्या मालाला ‘कॅरारा’ म्हटले. रेल्वे अभियंते जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांचे, शिल्पकार ई. डब्ल्यू. वायन यांनी घडवलेले वेजवुडचे अर्धपुतळे या वर्गातील उत्तम नमुने होत.

पाठीवर किंवा बैठकीवर दाबून उमटवलेले कारखान्याचे व शिल्पकाराचे नाव प्रथम पाहावे. मात्र १८४२ ते १८८३ या काळातील चौकट आकाराची नोंदणीमुद्रा आकृतिबंधाच्या नोंदणीचा दिनांक सांगते, ती वस्तू घडवल्याचा नव्हे. पातळ केलेली माती साच्यात ओतून घडवलेला पुतळा भट्टीत बराच आकसतो, त्यामुळे जुन्या पुतळ्यावरून साचा घेऊन केलेली पॅरियनची नक्कल मुळापेक्षा लहान आणि केस, पापण्या यांच्या रेषांत बोथट आढळते. प्लास्टरची नक्कल नखाने ओरखडली जाते, पॅरियन नाही. दुरुस्तीवरील रंग अतिनील प्रकाशात सहसा वेगळा उठून दिसतो.