उचलता वीजसंच आणि सौर पॅनेल : चार्ज होण्याच्या वेळेचा हिशेब

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि अनेक गावांचा वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित झाला. अशा वेळी हाताशी असावा म्हणून बॅटरीचा उचलता वीजसंच आणि सौर पॅनेल घेण्याचा विचार एखादी ग्रामपंचायत वा शाळा करीत असेल, तर खरेदीपूर्वी थोडे गणित करणे इष्ट ठरेल.

संचाची साठवणक्षमता वॅट-तासांत मोजतात, तर पॅनेलची शक्ती वॅटमध्ये. ५०० वॅट-तासांचा संच १०० वॅटच्या पॅनेलवर पाच तासांत भरेल, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु पॅनेलवर छापलेले १०० वॅट हे दर चौरस मीटरला १,००० वॅट इतक्या प्रकाशात आणि पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मिळतात. आपल्याकडे भर उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते. तापमान जितके वाढेल, तितकी वीज घटते. शिवाय धूळ, कललेले ऊन आणि तारा यांतही काही भाग जातो. म्हणून ७० वॅटच हाती येतील असे धरावे. मग ५०० भागिले ७० म्हणजे सुमारे सात तास, तेही पूर्ण उन्हाचे.

आणि दिवसाचे सर्व तास काही पूर्ण उन्हाचे नसतात. सकाळ-संध्याकाळचे मंद ऊन एकत्र मोजले, तर उन्हाळ्यात दिवसाला सुमारे सहा तास भरतात. म्हणजे ४२० वॅट-तास मिळाले. संच सव्वा दिवसात भरला. ढगाळ पावसाळी दिवशी तीनच तास धरले, तर २१० वॅट-तास मिळतात व त्याच संचाला जवळजवळ अडीच दिवस लागतात. संततधारेत तर एका तासाइतकेही ऊन मिळेलच असे नाही. वादळे आणि पूर नेमके याच दिवसांत येतात. विक्रेता मात्र बहुधा मे महिन्यातले आकडे सांगतो!

आता खर्चाची बाजू. नऊ वॅटचे चार दिवे चार तास लावल्यास १४४ वॅट-तास लागतात. दहा भ्रमणध्वनी भरण्यास सुमारे २०० लागतात. रोजचा खर्च ३४४ आणि जमा २१०, म्हणजे पूर्ण भरलेला संचही चौथ्या रात्री अपुरा पडेल. रूपांतरणात जाणारी वीज धरली तर त्याआधीच. पॅनेल २०० वॅटचे घेतल्यास जमा ४२० होते आणि हिशेब जमतो.

मात्र संच किती वॅट व किती व्होल्ट स्वीकारतो, हे आधी पाहावे. १०० वॅटच्या पुष्कळ पॅनेलांचा मोकळा दाब २२ व्होल्टच्या आसपास असतो. अशी दोन पॅनेले एकामागोमाग जोडली, तर ४४ व्होल्ट होतात; मर्यादा ३० व्होल्टची असल्यास संच बिघडण्याचा धोका आहे. तेथे समांतर जोडणीच करावी. संच १०० वॅटच स्वीकारीत असेल, तर दुसऱ्या पॅनेलचा लाभ मुख्यतः ढगाळ दिवशी होईल.

संच ताब्यात घेताना, तो अर्धा रिकामा असताना, निरभ्र दुपारी पॅनेल दक्षिणेकडे कलते ठेवून पडद्यावरील वॅटचा आकडा पाहावा आणि तो नोंदवहीत लिहून ठेवावा. पुढील सर्व गणित छापील आकड्यावरून न करता त्या आकड्यावरून करावे.