अद्भुत कथेचा उत्तरभाग आणि प्रेक्षक

विद्यार्थिमित्रहो, वाचलेली गोष्ट पडद्यावर पाहून बाहेर पडणाऱ्या मंडळींचें बोलणें तुम्हीं कधीं लक्षपूर्वक ऐकलें आहे काय? एक म्हणतो, "पुस्तकांत असें नाहीं." दुसरा म्हणतो, "पहिला भाग ह्याहून सरस होता." तिसऱ्यानें पुस्तक वाचलेलें नसतें व पहिला भागही पाहिलेला नसतो, त्याला चित्रपट मनापासून आवडलेला असतो. तिघांनीं पाहिलें एकच, पण मतें तीन. ह्याचें कारण असें कीं, प्रत्येकाचें माप निराळें आहे. गोष्ट भुताखेतांची किंवा मृत्युदेवतेची असली म्हणजे ह्या मापांत आणखी एकाची भर पडते. तें माप म्हणजे पाहणाराचा त्या अद्भुतावर विश्वास किती, हें होय. चंद्रपूर व गडचिरोली ह्या आपल्या वनप्रदेशांत हा शेवटचा प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम परदेशचें एक उदाहरण घेऊं. जपानांत चित्रकथेस 'मांगा' म्हणतात. 'डेथ नोट', म्हणजे मृत्यूची नोंदवही, ही तिकडील एक गाजलेली चित्रकथा. ती त्सुगुमी ओबा ह्या नांवानें लिहिणाऱ्या लेखकानें रचिली व ताकेशी ओबाता ह्यांनीं चितारली. एका साप्ताहिकांत ती डिसेंबर २००३ पासून मे २००६ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली व तिचे १२ खंड झाले. लाईट यागामी ह्या अत्यंत हुशार विद्यार्थ्याला एका मृत्युदेवाची वही सांपडते. ज्याचा चेहरा ठाऊक आहे अशा माणसाचें नांव तींत लिहिलें कीं तो मरतो. लाईट गुन्हेगारांचीं नांवें लिहूं लागतो. आणि 'एल' ह्या एकाच अक्षरानें ओळखला जाणारा एक विलक्षण अन्वेषक त्याचा शोध घेऊं लागतो.

ह्या कथेवर शुसुके कानेको ह्यांनीं हाडामांसाच्या नटांना घेऊन दोन चित्रपट केले. पहिला १७ जून २००६ रोजीं आणि त्याचा उत्तरभाग 'द लास्ट नेम' ३ नोव्हेंबर २००६ रोजीं प्रदर्शित झाला. कथेचा शेवट छापून येऊन तेव्हां जेमतेम सहा महिने झाले होते. म्हणजे कित्येक प्रेक्षकांना शेवट तोंडपाठ होता. चित्रकथेंत एल मध्यावरच मरतो आणि त्याचें काम नियर व मेलो हे दोन तरुण पुढें चालवितात. उत्तरभागांत त्या दोघांना मुळींच स्थान नाहीं. तेथें एल स्वतःचेंच नांव त्या वहींत आधीं लिहून ठेवितो, आपणांस अवघे २३ दिवस आयुष्य राखतो, आणि त्या अवधींत लाईटला उघडा पाडतो. शेवटीं मृत्युदेव रयूक हाच लाईटचें नांव वहींत लिहितो.

ह्या बदलावर प्रेक्षकांचे दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणूं लागला कीं, आवडतीं पात्रें गाळून कथेचा उत्तरार्ध कापून टाकिला. दुसरा पक्ष म्हणाला कीं, मूळ कथेचा शेवटचा भाग लांबला होता; येथें दोन तुल्यबळ बुद्धिमंतांचा सामना त्यांच्यांतच संपला, हें उचित झालें. रयूक हा यंत्रगणनेनें रेखाटलेला असल्यामुळें नटांच्या शेजारीं तो कित्येकांना खोटा वाटला. परंतु एलच्या भूमिकेंतील केनिचि मात्सुयामा बहुतेकांना इतके पसंत पडले कीं, केवळ त्या पात्रावर २००८ सालीं स्वतंत्र चित्रपट निघाला. ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. चित्रांतला मृत्युदेव चित्रांतल्या माणसाशेजारीं शोभतो, कारण दोघेही शाईचे. पडद्यावर माणूस खरा होतो आणि देव मात्र चित्रच राहतो. म्हणून अद्भुत कथेच्या रूपांतरांत नटाचा अभिनय जितका चांगला, तितकी अद्भुताची परीक्षा कठीण.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. महेश कोठारे ह्यांचा 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ सालीं आला. तात्या विंचू नांवाचा गुन्हेगार मंत्राच्या बळावर मरतांना आपला जीव एका बाहुल्यांत घालतो, आणि पुन्हां मनुष्यदेह मिळविण्यासाठीं भोळ्या लक्ष्याच्या मागें लागतो. लक्ष्याची भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांची, तात्याची दिलीप प्रभावळकर ह्यांची, आणि बाहुल्याची करामत रामदास पाध्ये ह्यांची. तेथें रयूकच्या उलट स्थिति होती. बाहुला हा बाहुलाच दिसावयाचा होता. त्यामुळें तो खोटा दिसण्याचा दोष त्याला लागूंच शकत नव्हता. मुलें त्याला भ्यालीं, आणि भीत भीत हंसलीं.

त्याचा उत्तरभाग 'झपाटलेला २' वीस वर्षांनीं, २०१३ च्या जून महिन्यांत, त्रिमिति पद्धतीनें आला. मधल्या काळांत, डिसेंबर २००४ मध्यें, बेर्डे वारले होते. कथेंत म्हणून लक्ष्याचा मुलगा पुढें आला. प्रेक्षकांनीं नव्या तंत्राचें कौतुक केलें, तात्या पुन्हां भेटल्याचा आनंद मानला. परंतु लक्ष्याची उणीव त्यांना भासल्यावांचून राहिली नाहीं. येथें प्रेक्षक नव्या चित्रपटाची तुलना पहिल्या चित्रपटाशींच नव्हे, तर आपल्या स्वतःच्या बालपणाशीं करीत होता. आणि त्या तुलनेंत कोणताही उत्तरभाग उणाच ठरावयाचा.

वरील विवेचनावरून प्रेक्षकांचीं तीन मापें निश्चित होतात. पहिलें मूळ ग्रंथाशीं इमानाचें, दुसरें पूर्वभागाशीं सातत्याचें, आणि तिसरें त्या कृतीच्या स्वतःच्या गुणाचें. पहिलीं दोन मापें निरुपयोगी नाहींत. पण केवळ त्यांवर न्याय देणारा प्रेक्षक कलाकृति पाहतच नाहीं, तो फक्त ताळा पाहतो.

आतां चौथ्या मापाकडे, म्हणजे विश्वासाकडे, येऊं. आपल्या झाडीपट्टींत नाटक पाहण्याची मोठी परंपरा आहे. धानाचें पीक घरीं आलें कीं दिवाळीनंतर मंडई व शंकरपट ह्यांच्या निमित्तानें गांवोगांवीं नाटकें होतात व हा हंगाम होळीच्या सुमारापर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज, म्हणजे आपलें वडसा, हें नाटकमंडळ्यांचें केंद्र आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे ह्यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. नाटक रात्रभर चालतें. पाहुणेरावळे, म्हातारींकोतारीं, कडेवरचीं मुलें, सारीं थंडींत बसून पाहतात. ज्याच्या कपटानें प्रेक्षक रात्रीं संतापले, तोच नट पहांटे तोंडावरचा रंग पुसून चहा पितांना दिसतो, आणि त्याच्यावर कोणाचा राग उरलेला नसतो. रात्रीपुरता उसना दिलेला विश्वास प्रेक्षक उजाडतांच परत घेतो. उत्तम प्रेक्षकाचें हें मुख्य लक्षण होय, आणि तें आपल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या आजोबा-आजींस पूर्वींपासून साधलें आहे.

परंतु हाच समाज गांवांत परतल्यावर कधीं कधीं दिलेला विश्वास परत घेण्यास विसरतो. ऑगस्ट २०२१ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवती तालुक्यांत वणी खुर्द येथें भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना चौकांत बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत बारसेवाडा येथें जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष ह्यांना मारून जाळण्यांत आलें. तेथें पडदा नव्हता, रंग नव्हता, आणि पहांटे उठून चहा घेण्यास तीं दोन माणसें उरलीं नाहींत. 'झपाटलेला २' ज्या वर्षीं आला त्याच २०१३ सालीं, ऑगस्टमध्यें डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा खून झाल्यावर, महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला व डिसेंबरांत कायदा संमत झाला. अमुक मनुष्य करणी करितो असें ठरवून त्याला छळणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे.

ह्याचा अर्थ भुताच्या गोष्टी पाहूं नयेत असा मुळींच नाहीं. त्या जपानी कथेचेंच मर्म पाहा. लाईट वाईट माणसांनाच मारावयाचें म्हणून आरंभ करितो. त्याला साक्षी नको, पुरावा नको, आरोपीचें म्हणणें नको. नांव लिहिलें कीं निकाल लागला. त्याचे वडील पोलीस अधिकारी असून शेवटपर्यंत कायद्याची बाजू सोडीत नाहींत. संशयावरून शेजाऱ्याचें नांव घेऊन त्याला चौकांत ओढणारा जमाव आणि वहींत नांव लिहिणारा लाईट, ह्यांत भेद कोणता? लाईटच्या वहींत जादू होती. जमावाच्या हातीं ती सुद्धां नाहीं, फक्त काठी आहे. पडद्यावर ही गोष्ट पाहून ज्याला आपल्या गांवचा चौक आठवेल, त्यानें तो चित्रपट खरोखर पाहिला असें म्हणतां येईल. मग त्यांत नियर होता कीं नव्हता, हा वाद दुय्यम ठरतो.

तेव्हां, मित्रहो, पुढच्या खेपेस एखाद्या अद्भुत कथेचा उत्तरभाग पाहाल तेव्हां घरीं परततांना पुढील प्रश्न स्वतःस विचारा.

१. मूळांत केलेल्या बदलानें गोष्टीचें मर्म सुटलें, कीं अधिक स्पष्ट झालें?

२. मला जें उणें वाटलें तें चित्रपटांत उणें होतें, कीं माझ्या आठवणींतच तें अधिक गोड झालें होतें?

३. रात्रीं भुतावर ठेविलेला विश्वास मीं सकाळीं परत घेतला काय?

पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें निरनिराळीं आलीं तरी बिघडत नाहीं. त्यांवर मित्रांशीं खुशाल वाद घाला. तिसऱ्याचें उत्तर मात्र आपल्या गांवांत तरी सर्वांचें एकच असलें पाहिजे.