उष्ण पाण्याच्या यंत्रांतील चुन्याचें पुट

न्हाणीघरांतील बंबाच्या आंतून पांढरें पुट चढतें, हें आमच्या वाचकांनीं पाहिलेंच असेल. उष्ण पाण्याचा जोरदार फवारा मारून फरशा धुणाऱ्या यंत्रांतहि तें सांचतें. मात्र नळीच्या वेटोळ्यांत दडलेलें असल्यामुळें दिसत नाहीं. गतवर्षीं आमच्या वसतिगृहांतील अशा यंत्राचा फवारा मंदावला व जळण अधिक लागूं लागलें.

याचें कारण असें. विहिरीच्या पाण्यांत बहुधा कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलें असतें. पाणी तापलें कीं त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व चुनखडी नळीस चिकटते. चुनखडी उष्णतेची मंद वाहक आहे. म्हणून ज्वाळेची उष्णता पाण्यास न पोंचतां धातूंतच कोंडते. असा तापून दुर्बळ झालेला धातु फुटला, तर फवारा धरणाऱ्या सेवकबंधूचें अंग भाजावयाचें!

कोणी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओतण्यास सुचविलें. परंतु तें पुटाबरोबर धातूसहि खातें. आम्हीं लिंबांत असणारें सायट्रिक आम्ल निवडलें. कोणतेंहि आम्ल ब्लीचिंग पावडरींत कदापि मिसळूं नये. त्यांतून विषारी क्लोरिन निघतो.

ज्वाला विझवून, यंत्र निववून व दाब उतरवून आम्हीं तोटी काढली. यंत्राच्या माहितीपुस्तकांत अशा आम्लास मनाई नाहीं, हें आधीं पाहिलें होतें. डोळ्यांस चष्मा व हातांत रबरी मोजे घालून १० लिटर पाण्यांत ५०० ग्रॅम आम्ल विरघळविलें, आणि तें पंपानें वेटोळ्यांतून फिरवून पुन्हां बादलींत आणलें. वायूस वाट राहावी म्हणून नळीचें तोंड मोकळें ठेविलें.

बुडबुडे थांबतांच मुलें ओरडलीं, "झालें!" आम्हीं बादलींतील पाण्यांत अंड्याचें कवच टाकलें. कवचही चुनखडीचेंच, तरी त्यावर बुडबुडा येईना. म्हणजे पुट नव्हे, आम्ल संपलें होतें! १०० ग्रॅम चुनखडीस निदान १२८ ग्रॅम निर्जल सायट्रिक आम्ल लागतें. दुसरी बादली फिरविली. यावेळीं बुडबुडे थांबल्यावर कवच टाकलें, तों तें फसफसलें. आम्ल शिल्लक होतें, चुनखडी सरली होती. मग स्वच्छ पाण्यानें यंत्र पुष्कळ धुतलें. फवारा पूर्ववत् झाला.

विद्यार्थ्यांनो, काम थांबणें व काम पुरें होणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी जेथें आपल्यावर असते, तेथें पारखून पाहिल्यावांचून "झालें" म्हणूं नये.