कंडिशनर घेण्याआधी केबल काढून बघा

स्पीकरमधली गुणगुण घालवायला पॉवर कंडिशनर घ्या, असं कोणी म्हणालं तर त्या दुकानातून सरळ बाहेर या. मी घेण्याआधी स्पष्ट विचारलं होतं, "ही गुणगुण जाईल ना?" "साहेब, शंभर टक्के. तुमच्या भागातली वीजच घाण आहे." हेच व्हॉट्सअ‍ॅपवरही विचारलं, तिथे अंगठा आला. तो अंगठा मी जपून ठेवलाय.

बत्तीस हजारांचा तो डबा आला. गुणगुण होती तशीच. किशोरीताईंचा भूप लावला की तानपुऱ्याखाली आमचा ५० हर्ट्‌झचा वेगळाच षड्ज. फोन केला तर, "दोनशे तास चालू द्या, आतले कपॅसिटर बसायला वेळ लागतो." तेवढे तास झाल्यावर, "पॉवर कॉर्ड बदलून बघा." मग, "तुमचे कान फार बारीक आहेत." आणि शेवटी दुकानातला मुलगा आला तो पक्कड घेऊन, अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायला! त्याला मी दारातूनच परत पाठवला. ही युक्ती कोणीही सुचवली तरी करू नका. आवाज जाईलही, पण आत काही बिघडलं तर करंट अ‍ॅम्पच्या पत्र्यावर येईल आणि तिथून तुमच्या हातात.

उलगडा केला केबलवाल्याने. तो लाइन दुरुस्त करायला आला होता. सेट-टॉप बॉक्समधून त्याने वायर उपसली आणि गुणगुण थांबली. अ‍ॅम्प चालू, आवाज अर्ध्याच्या वर, आणि स्पीकर गप्प. "परत लाव." लावली, आली. "काढ." गेली. काढ-लाव करता करता तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला, पण मला त्या क्षणी फक्त त्या दुकानदाराचा अंगठा दिसत होता.

झालं होतं एवढंच. केबलच्या वायरची जाळी कुठेतरी बाहेर जमिनीला जोडलेली, अ‍ॅम्प घरातल्या अर्थिंगला. दोन्हींच्या दाबात फरक, म्हणून ऑडिओच्या वायरीच्या जाळीतून करंट फिरत राहतो. त्याला ग्राउंड लूप म्हणतात. कंडिशनर गाळतो तो वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा. ५० हर्ट्‌झ ही तर विजेचीच फ्रिक्वेन्सी, ती गाळली तर अ‍ॅम्प चालणार कशावर? हे दुकानदाराला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

केबलसाठी छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, काही शे रुपयांत. डिश असेल तर तो वायरीत घालू नका, कारण छतावरच्या एलएनबीला वीज त्याच वायरीतून जाते. तिथे टीव्हीपासून अ‍ॅम्पपर्यंत ऑप्टिकल केबल टाका, म्हणजे तांब्याचा संबंधच तुटतो. टर्नटेबलवाल्यांनी आधी ग्राउंडची बारीक वायर अ‍ॅम्पला नीट आवळली आहे का ते बघावं.

माझ्या डब्यावर निळा आकडा दिसतो. संध्याकाळी तो १९५ व्होल्टवर येतो आणि डबा पुढेही १९५च देतो. विचारलं तर, "ते स्टॅबिलायझरचं काम, साहेब." विकताना हे वाक्य कुठे होतं? व्होल्टेज पडत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर बघा. रिलेवाल्याची टकटक गाण्यात ऐकू येते.

तरीही कंडिशनर घ्यायचाच असेल तर व्हीए बघून घ्या. अपुरा असेल तर मोठा पॉवर अ‍ॅम्प त्यात गुदमरतो. असा अ‍ॅम्प थेट १६ अँपिअरच्या सॉकेटला लावलेला बरा. विजेचे झटके झेलणारे आतले एमओव्ही प्रत्येक झटक्यागणिक झिजतात, तेव्हा वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग उपटून ठेवा. फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगला गळतोच, त्यामुळे असे डबे वाढले की आरसीसीबी विनाकारण पडायला लागतो. परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या. मला "खोका उघडला" म्हणून वाटेला लावलं. खोका न उघडता ऐकणार कसं?

आणि सगळ्यात आधी वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्ट चालतात. दहाच्या वर गेलं तर मीटरपाशी न्यूट्रलचा सांधा सैल आहे का, अर्थिंगचा खड्डा सुकलाय का, ते त्याच्याकडून तपासून घ्या. तीन फेजच्या इमारतीत सैल न्यूट्रल पुरता सुटला तर घरात ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात, आणि मग अ‍ॅम्पसोबत फ्रिजही जातो.