सलाईननं न जाणारी 'कमजोरी'

धानाची रोवणी आटोपली की आमच्याकडे 'कमजोरी'वाल्यांची रांग लागते. झोप नाही, जेवण गोड लागत नाही, डोकं जड. रक्ताचा रिपोर्ट मात्र स्वच्छ. खोदून विचारलं की शेवटी येतं, "डॉक्टरसाहेब, मी काही कामाचाच नाही." हे कुणी तक्रार म्हणून सांगत नाही, नाव-गाव सांगावं तसं सांगतात. सगळं अडतं ते इथंच.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, तेव्हा पवनीकडच्या एका शेतकऱ्याचं धान बुडालं. शेजारच्या बांध्याही बुडाल्या. पण हा म्हणे, "माझ्या हातालाच यश नाही." मी विचारलं, "मग शेजाऱ्याच्या हाताचं काय?" तो गप्प. तोवर त्यानं शेतात जाणं सोडलं होतं, सोसायटीचं पत्रही फोडलं नव्हतं. कामं तुंबली, आणि तुंबलेली कामं पुन्हा नालायकीचा पुरावा झाली. नैराश्यात माणसाला स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि उद्याबद्दल वाईटच दिसतं, हे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकातच मांडलं. म्हणजे 'मी नालायक' हे तुमचं वर्णन नाही, ते आजाराचं लक्षण आहे. आणि त्यावर उपचार आहेत.

ते सोडून लोक बोगस डॉक्टरकडे जाऊन पिवळं सलाईन लावून घेतात. अहो, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळलं की ते पिवळं दिसतं, एवढंच! झोपेच्या गोळ्या परस्पर घेणारे तर त्याहून धोक्यात. मोबाईलवरचे गुरू सांगतात, आरशापुढे स्वतःचं कौतुक घोका. २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हेच तपासलं: ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट होतं, त्यांना अशा घोकंपट्टीनं उलट जास्त वाईट वाटलं. मन ते खोटं म्हणून फेकून देतं.

त्यापेक्षा 'मी नालायक' हा आरोप कागदावर लिहा आणि वकिलासारखा पुरावा मागा. मग तुंबलेल्या कामांतलं एकच उचला. त्या शेतकऱ्यानं पहिल्या आठवड्यात फक्त ते पत्र फोडलं. तेवढं पुरे होतं.

पण दोन आठवडे उदासी हटत नसेल, 'मी घरच्यांवर ओझं आहे' अशी भाषा येत असेल, दारू वाढली असेल, तर कागद-पेन बाजूला ठेवा आणि जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. घरच्यांनो, 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. समोरचा 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा.