‘आर’ म्हणजे उपाय संपले का?

प्रश्न : वडील (वय ६८) आयसीयूत आहेत. ब्लड कल्चरमध्ये क्लेबसिएला निघाला आणि बहुतेक औषधांपुढे ‘आर’ लिहिलंय. पूर्वी फार अँटिबायोटिक्स घेतल्यामुळे त्यांच्या शरीराला सवय झाली का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सवय शरीराला होत नाही. औषधाला दाद देत नाही तो जंतू, आणि असे जंतू रुग्णालयातही लागतात. तेव्हा जुन्या गोळ्यांचा दोष वडिलांना देऊ नका. ‘आर’ म्हणजे ते औषध या जंतूवर चालणार नाही. राखीव औषधं आहेत : सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम, कोलिस्टिन. कोलिस्टिनपुढे ‘आय’ (म्हणजे मधला शेरा) दिसलं तर घाबरू नका. बऱ्याच लॅब ज्या अमेरिकी निकषांवर चालतात, त्यांत या औषधाला ‘एस’ (औषध चालेल) हा शेराच नाही. मात्र ते किडनीला जड जातं, म्हणून क्रिएटिनिन वारंवार तपासावं लागतं.

डॉक्टरांना एक नक्की विचारा : संसर्ग कुठून शिरला? मानेतली सेंट्रल लाइन, लघवीची नळी अजून लागते का? मूळ तसंच राहिलं तर भारी औषधही अपुरं पडतं. ताप उतरला तरी कोर्स मध्येच थांबवण्याचा आग्रह धरू नका. आणि भेटायला जाल तेव्हा त्यांना हात लावण्याआधी व नंतर सॅनिटायझर जरूर चोळा.