नवी कार्डं घेण्याआधी

चि. गार्गीस,


ऐरोलीच्या डेटा सेंटरला रुजू होतेस न होतेस तोच नेटवर्क कुठं अडकतं ते शोधायचं काम तुझ्या गळ्यात पडलं, याचा मला मनापासून आनंद झाला. नेटवर्क खऱ्या अर्थानं कळतं ते अशाच कामातून. आलेख म्हणतो लिंक तीस टक्केसुद्धा भरत नाही, अ‍ॅप्लिकेशनवाले म्हणतात मध्येच सगळं अडकतं, आणि वरची मंडळी १० ऐवजी २५ गिगाबिटची कार्डं घ्यायला निघाली आहेत. माझं ऐकशील तर त्या खरेदीच्या कागदावर सही होण्याआधी आठवडाभराची मुदत मागून घे.

दोन्ही बाजू खरंच सांगताहेत. तुमचा आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो आणि दुखणं असतं दोन मिलिसेकंदांचं. एक सर्व्हर चाळीस स्टोरेज सर्व्हरांकडे एकदम माहिती मागतो आणि चाळीसही जण एकाच क्षणी ६४-६४ किलोबाइटचं उत्तर धाडतात. म्हणजे अडीच मेगाबाइट एका पोर्टच्या तोंडाशी. १० गिगाबिटच्या पोर्टला ते बाहेर काढायला दोन मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ ते ठेवायचं कुठं? स्विचच्या बफरमध्ये. पण बफर सगळ्या पोर्टांत मिळून असतो, एका पोर्टाच्या वाट्याला मोजकाच येतो. तो भरला की पॅकेट गळतात.

खरं नुकसान त्यानंतर होतं. उत्तराची शेवटची पॅकेट गळली, तर ती गळल्याची खूण देणारं मागून काहीच येत नाही. पाठवणारा टाइमआउटची वाट बघत बसतो. लिनक्समध्ये हा टाइमआउट सहसा २०० मिलिसेकंदांच्या खाली जात नाही. तुमच्या हॉलमध्ये पॅकेटची एक फेरी १०० मायक्रोसेकंदांत होत असेल, तर दोन हजार फेऱ्यांचा वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. तेवढा वेळ लिंक मोकळी पडलेली असते आणि आलेखावरची सरासरी आणखी खाली येते.

आता २५ गिगाबिटनं काय होईल ते तूच बघ. पोर्ट लवकर रिकामा होईल हे खरं, पण पाठवणाऱ्या चाळीस जणांनाही २५ची कार्डं दिलीत, की लोंढाही अडीचपट वेगानं येईल. चाळिसास एक हे प्रमाण तसंच राहील.

म्हणून आधी गर्दी कुठं होते ते शोध. अपलिंककडे, म्हणजे स्विचवरून वरच्या स्पाइन स्विचकडे जाणाऱ्या लिंककडे, नंतर बघ. सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टचा बाहेरच्या दिशेचा ड्रॉप काउंटर आणि त्या पोर्टवरच्या रांगेनं गाठलेली कमाल खोली बघ. सर्व्हरवर टीसीपीचे टाइमआउट मोज. दोन्ही आकडे एकाच वेळी उसळले, तर निदान पक्कं झालं.

आता उपायाकडे वळू; गर्दीचं दुखणं तसं जुनंच आहे. १९८६ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ किलोबिटवरून सेकंदाला ४० बिटांवर आला होता. अंतर होतं चारशे यार्ड. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी त्यावर शोधलेला उपाय जाड तारेचा नव्हता. गर्दी दिसली की पाठवणाऱ्यानं हात आखडता घ्यायचा, हे त्यांनी टीसीपीला शिकवलं. डेटा सेंटरसाठी हीच शिकवण २०१० मध्ये डीसीटीसीपीनं बारीक केली. रांग ठरावीक खोलीपलीकडे गेली की स्विच पॅकेट टाकून न देता त्यावर ईसीएनची, म्हणजे गर्दी झाल्याची, खूण करतो, आणि पाठवणारा जेवढ्या पॅकेटांवर खुणा, त्या मानानं वेग कमी करतो. मूळ निबंधात १० गिगाबिटसाठी ही मर्यादा ६५ पॅकेट धरली आहे. लिनक्समध्ये डीसीटीसीपी तयार मिळतं. मात्र साध्या टीसीपीबरोबर त्याला एकाच रांगेत ठेवू नकोस; दोघांचं पटत नाही.

कुणीतरी नक्की सुचवेल की पीएफसी लावा, पॅकेट गळणारच नाहीत. इथं सावध राहा. पीएफसी बफर भरत आला की वाहतुकीच्या एका प्राधान्यवर्गापुरतं मागच्या स्विचला थांबवतं, तो त्याच्या मागच्याला, आणि त्या वर्गातली ज्यांचा या गर्दीशी काही संबंध नाही अशी पॅकेटही खोळंबतात. एखादं बिघडलेलं कार्ड सतत 'थांबा' म्हणत राहिलं, तर रॅकच्या रॅक गप्प होऊ शकतात. आरडीएमएची (एका सर्व्हरच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत जाणारी) वाहतूक असेल तर तेवढ्याच एका वर्गाला ते दे, ईसीएनची मर्यादा अशी बेताची ठेव की पीएफसीची पाळी क्वचितच यावी, आणि अशी अडकलेली रांग ओळखणारा वॉचडॉग चालू ठेव.

अपलिंकचं दुखणं वेगळं. सारख्या वाटांवर प्रवाह वाटून देणारं ईसीएमपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक यांच्या हॅशवरून वाट ठरवतं, प्रवाह केवढा आहे हे बघत नाही. बॅकअपचे दोन अजस्र प्रवाह एकाच स्पाइनवर पडतात आणि शेजारची वाट रिकामी राहते. सगळ्या अपलिंक सारख्याच आणि सतत भरलेल्या दिसल्या, तर मात्र खरेदीसाठी ठामपणे भांड. ४८ पोर्ट २५चे आणि वर १००चे चारच, म्हणजे तिनास एक. ते पुरत नसेल तर तिथं युक्ती चालत नाही.

अ‍ॅप्लिकेशनवाल्यांपैकी एकाला सोबत घेऊन बस आणि एका मागणीला किती सर्व्हर एकदम उत्तर देतात ते विचार. तो आकडा तुझ्या ड्रॉप काउंटरशेजारी लिही आणि मला पाठव. रविवारी सकाळी फोन कर, आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
श्रीमामा